गोऱ्याबरोबरचा पेला

लोणावळ्याच्या रेल्वे इन्स्टिट्यूटला, म्हणजे गोऱ्यांच्या क्लबाला, दोन दारं होती. पुढच्या दारानं गोरे ड्रायव्हर, गार्ड आणि त्यांच्या मडमा जायच्या. मागच्या दारानं मी जायची, अंड्यांची पाटी घेऊन. चाळीमागच्या बोळात मी कोंबड्या पाळल्या होत्या आणि तिथल्या स्वयंपाकघराला माझी अंडी लागायची. जाळीच्या दारातून आतला हॉल दिसे. पत्त्यांची टेबलं, भिंतीवर राजाची तसबीर, पंख्याखाली पेले घेऊन बसलेली लाल तोंडं. आत पाऊल टाकावंसं मला कधी वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, एकदा वाटलं होतं, नाचाचा बाजा वाजत होता तेव्हा.

मी सुदुंबऱ्याची, शेतकऱ्याघरची. मराठी चौथीपर्यंत शिकले आणि शेजारच्या इंदुरी गावातल्या घरात माझं लग्न लागलं. पुढं मुलाच्या मागोमाग मीही पुन्हा पुस्तकं उघडली, परीक्षा दिल्या आणि मास्तरीण झाले, पण ते फार नंतरचं. मालक घरात धाकटे. शेताला थोरल्या भावांचे हात पुरेसे होते, म्हणून हे रेल्वेत लागले. मालक म्हणजे माझे यजमान. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे रीत नाही आणि या वयात ती मोडायची मला हौसही नाही.

मालक सांधेवाले होते. घाटात तेव्हा अजून कोळशाचीच इंजिनं होती. खालून गाडी वर चढवायला मागून जादा इंजिनं लावत. ती लोणावळ्याला सुटत आणि शेडकडे जात. त्यांना वाट करून द्यायची, म्हणजे दांडा ओढून रुळांचे सांधे बदलायचे, हे मालकांचं काम. सांधा चुकला तर इंजिनावर इंजिन जायचं. असल्या कामाचा माणूस पीत असेल तर त्याच्या बायकोला झोप कशी लागावी? मालक पीत होते. रोज नाही, पण पगार झाला की शेडमधले दोस्त मिळून वळवणच्या वाटेवर जाऊन बसत, आणि मग दुसऱ्या दिवशी हे लाल डोळ्यांनी दांड्याला हात घालत.

माझी पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. लोक सटवाईला बोल लावत होते, मी बाटलीला लावत होते. त्यात तथ्य किती, ते मला आजही सांगता येणार नाही. तिसरा मुलगा झाला तेव्हा बारशाच्या दिवशी मी त्याला मालकांसमोर धरलं आणि म्हटलं, "ह्याच्या डोक्यावर हात ठिवा." त्यांनी ठेवला. "पोराची आन, थेंब घेनार न्हाई," म्हणाले. मुलगा जगला. रांगायला लागला, बसून मातीची ढेकळं खायला लागला. तेव्हापासून ती शपथ आणि तो मुलगा माझ्या मनात एकाच दोरीला बांधले गेले होते. एक तुटली की दुसरा जाणार, याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

त्या साली पावसाळा सरत आला असताना तो प्रकार झाला. मुंबईकडून आलेली मेल फलाटावर उभी होती आणि मागचं इंजिन सुटून शेडकडे जायला थांबलं होतं. मालक वरून सिग्नल मिळायची वाट बघत सांध्यापाशी उभे होते. इंजिनावरच्या गोऱ्या ड्रायव्हरला वाटलं, हा माणूस उगाच खोळंबा करतोय. तो खाली उडी टाकून आला, हिंदुस्थानीत मालकांना काळं कुत्रं म्हणाला, आणि हातानं त्यांचं मुंडासं उडवलं. ते रुळाशेजारच्या कोळशाच्या चिखलात पडलं. सगळी मेल खिडक्यांतून बघत होती. मुंडासं पाडणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. चपराक परवडली असती.

हा ड्रायव्हर वयानं तरुण होता आणि गोरा म्हणायचा, पण पुरता नव्हे. बाप विलायतेचा, आई इकडचीच कुणी सावळी बाई. ती त्याच्या बंगल्यात राहायची आणि इन्स्टिट्यूटच्या पायरीवरही कधी दिसायची नाही. आमच्या चाळीत त्याला निमगोरा म्हणत, आणि तेही त्याला ऐकू जाईल अशा बेतानं. शिवीगाळ फक्त त्यांनाच येत होती असं नाही.

दुसऱ्या दिवशी सांधेवाले, शेडमधले खलाशी, कोळसा भरणारे असे सगळे काम टाकून शेडच्या कट्ट्यावर बसले. "मानूस म्हंजी मानूस, त्येची कातडी कशाला बगायची," असं जो तो म्हणू लागला. मलाही ते ऐकून भरून यायचं. कट्ट्यावर पाण्याची मडकी मात्र तेव्हाही दोन होती, एक या टोकाला आमचं, एक त्या टोकाला कोळसेवाल्यांचं, आणि त्यात मला काही खटकलं नव्हतं. मेलमधल्या एका खादीवाल्या प्रवाशानं पुण्याच्या वर्तमानपत्रात सगळी हकिगत छापून आणली. मग मुंबईहून मोठा साहेब आपल्या खास डब्यातून आला.

मोठ्या साहेबानं तोड काढली ती अशी. ड्रायव्हरनं आणि सांधेवाल्यानं इन्स्टिट्यूटच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर एकमेकांबरोबर बियरचा एकेक पेला प्यायचा आणि हात मिळवायचे. तसं झालं की कट्ट्यावर बसलेल्या कुणालाही शिक्षा नाही, सगळे कामावर. न झालं तर सगळ्यांची नावं कापली जाणार. हेडक्लार्कनं हे मराठीत सांगितलं आणि वर आपल्या पदरचं जोडलं, "साहेब स्वतःच्या क्लबात बोलावतोय, एवढा मान आजवर कुणाला मिळालाय?"

मालकांनी त्याला शपथेचं सांगून पाहिलं. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, साहेब विचारतात, मग या माणसाला तंटा मिटवायचाच नाही का?

त्या संध्याकाळी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एक फायरमन मला समजावायला लागला, "वैनी, बियर म्हंजी काय दारू व्हय? जवाचं पानी हाय ते."

"मग माज्या पोराच्या डोक्यावर हात ठिवून तुमीच प्या की," मी म्हटलं. मग शेजारीण पुढं झाली. "तुजं एक प्वार हाय बाई. आमच्या पोरान्ला कामं ग्येल्यावर काय घालू?" तिच्या कडेवरचं मूल माझ्या मुलापेक्षाही रोडावलेलं होतं.

सगळे गेल्यावर मालक म्हणाले, "तू पी म्हन, पितो. तू नगं म्हन, न्हाई पीत." म्हणजे सगळा भार माझ्या डोक्यावर टाकून हे मोकळे. मला असा संताप आला की हातातली पळी मी चुलीवर आपटली. चुलीवर मुलाच्या खोकल्यासाठी गुळाचा काढा उकळत होता. तो उतू गेला, थोडा करपला, आणि निथळून वाटीत घेतला तेव्हा त्याचा रंग बघून मी थांबले. इन्स्टिट्यूटच्या पेल्यांतून रोज जो रंग मी जाळीतून बघत होते, अगदी तोच तो होता.

इन्स्टिट्यूटचा बटलर गोव्याकडचा होता. त्याच्या बायकोचं बाळंतपण मी केलं होतं, त्यामुळे तो मला नाही म्हणेल ही भीती नव्हती. तरी आधी कपाळावर हात मारून घेतलाच. "बाई, तू मला खड्ड्यात घालणार," म्हणाला. मग वाटी उजेडाकडे धरून बघितली, चाखली, आणि त्याच्यातला कारागीर जागा झाला. गूळ आणखी करपव म्हणाला, म्हणजे कडू लागेल. सोडा घालून बघितला, पण बुडबुडे टिकेनात. शेवटी त्यानं अंड्याचा पांढरा बलक काट्यानं फेसून वरून सोडला. तो फेस तसाच उभा राहिला. माझ्याच कोंबडीचं अंडं होतं ते. आम्ही दोघं त्या पेल्याकडे बघून पोट धरून हसलो. बाटली आतच फोडायची, पेले आतूनच भरून आणायचे, एवढं त्यानं स्वतःच्या अंगावर घेतलं.

ठरल्या दिवशी आमचे सगळे लोक इन्स्टिट्यूटच्या कंपाउंडाबाहेर जमले. व्हरांड्यात एका बाजूला गोरे लोक आणि मडमा उभ्या होत्या, एखाद्याच्या मौतीला आल्यासारख्या. मोठा साहेब इंग्रजीत चार शब्द बोलला. मी मागच्या जाळीशी उभी होते, मुलगा काखेत. बटलर मालकांचा पेला त्यांच्या बाजूला ठेवून तबक घेऊन गेला. ड्रायव्हरनं आपला पेला उचलला. मालकांनी आपला उचलला. काचेवर काच वाजली.

ड्रायव्हर प्यायचा थांबला आणि मालकांकडे वळून मोठ्यानं म्हणाला, "हमारा गलती था. तुम्हारा कुछ गलती नहीं था."

साहेबानं त्याला पी आणि हात मिळव एवढंच सांगितलं होतं. माफीचं कुणीच बोललं नव्हतं. त्याच्या मागे उभी असलेली एक मडम चटकन तोंड फिरवून आत गेली. मालकांनी मान हलवली. मग दोघांनी पेले तोंडाला लावले आणि सगळे रिकामे केले. मालकांच्या मिशीला अंड्याचा फेस लागला होता. आणि मी, जाळीच्या अलीकडे, पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होते. त्याचे ते शब्द मी ऐकले, मला समजलेही, आणि तरी मी हसत होते. माझं हसू आवरेना इतकी मी खूश होते.

बाहेर आमच्या लोकांनी एकच गिल्ला केला. कामं वाचली, पगारही बुडाला नाही. चाळीत साखर वाटली. गोऱ्याला मालकांची माफी मागावी लागली ही बातमी खंडाळ्यापर्यंत गेली. पेल्यात काय होतं हे आम्हा दोघांना आणि बटलरला ठाऊक होतं. माझा मुलगा ठणठणीत होता, शेजारणीच्या मुलांच्या पोटात भाकरी होती. एका दगडात मी किती पक्षी मारले याचाच मला अभिमान वाटत होता.

पुढं अंडी द्यायला जायची तेव्हा जाळीतून मला तो ड्रायव्हर एका कोपऱ्यात एकटा बसलेला दिसायला लागला. पहिल्यांदा मी काही मनावर घेतलं नाही. मग बटलरनंच सांगितलं की त्या दिवसापासून त्याला कुणी पत्त्यांच्या डावात घेत नाही. नेटिवाबरोबर प्यायला, वर सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली, शेवटी आईचं रक्त दिसलंच, असं मडमा बोलत होत्या म्हणे. तो येऊन बसला की आजूबाजूच्या खुर्च्या हळूहळू रिकाम्या होत. तरी तो रोज यायचा, एक बाटली मागवायचा आणि संपवून जायचा.

गोऱ्यांची कीव करत बसायची मला हौस नाही. त्यानं माझ्या नवऱ्याला कुत्रं म्हटलं होतं, आणि मी ते विसरणारी बाई नव्हे. त्याचे लोक त्याला वाळीत टाकतात तर टाकोत, असं मी स्वतःला बजावलं. पण त्या दिवसापासून मी अंडी दाराशी ठेवून निघून यायला लागले. आत बघायचं मी टाळत होते. बाई गं, माझ्या मनानं तेव्हाच मला पकडलं होतं.

मालकांचं तर त्याहून वाईट. तो ड्रायव्हर आता इंजिन थांबलं की वरून हाक मारायचा, "पॉइंटमन, सलाम!" चहासाठी इंजिनाचं कढत पाणी मालकांच्या डब्यात काढून द्यायचा. मुलगा कसा आहे विचारायचा. मालक घरी येऊन तो डबा कोपऱ्यात ठेवायचे आणि म्हणायचे, "मला त्याच्या तोंडाकडं बगवत न्हाई." एकदा म्हणाले, "सांगून टाकू का?" मी म्हटलं, "आन् समद्यांची कामं घालवा." ते उठून बाहेर गेले.

आणि मग थंडीच्या दिवसांत, एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला तो चाळीत आला.

वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली आणि खिशात दोन पेले. गोरा माणूस आमच्या चाळीत आलेला कुणी कधी बघितला नव्हता. बायका दारांतून बघत उभ्या राहिल्या. तो आमच्या खोलीच्या पायरीवर बसला, मालकांनी घोंगडी आणेपर्यंत थांबलासुद्धा नाही. बाटली उघडली, दोन्ही पेले भरले, एक मालकांच्या पुढे ठेवला.

"वहाँ हमारे साथ कोई नहीं पीता," तो म्हणाला. तक्रार करत नव्हता, नुसतं सांगत होता. "तुम पिया था. इसलिए आया."

मालक त्याच्यासमोर उकिडवे बसले होते. त्यांनी पेल्याकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे. मी दारात मुलाला घेऊन उभी होते. मला वाटलं, आता हे काहीतरी निमित्त सांगतील. पोट दुखतंय म्हणतील, ड्युटी आहे म्हणतील. पण मालकांनी पेला उचलला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि मला कळलं की हे आता पिणार. हौसेनं नव्हे. या माणसाला आपण फसवलं याची लाज त्यांना सहन होत नव्हती. त्यांनी एकदा मुलाकडे बघितलं आणि पेला ओठांपाशी नेला.

"त्या दिशी ह्यांच्या पेल्यात दारू न्हवती, सायेब!" माझ्या तोंडून निसटलं.

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी पायरीपाशी आले, दारांतल्या बायकांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज आणखी खाली आणला आणि मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत सगळं सांगून टाकलं. गुळाचं पाणी होतं. माझी युक्ती होती. यांनी मुलाची शपथ घेतली आहे, आधीची दोन गेली आहेत, पिता येत नाही. बोलताना मला वाटत होतं की मी मुलाला वाचवतेय. ते खरंही होतं. पण त्या माणसाच्या तोंडावर जे उमटत गेलं ते बघून मला माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली.

त्यानं मालकांना विचारलं, "सच?"

मालकांनी पेला खाली ठेवला. "व्हय, सायेब. पोराची आन हाय."

माझ्या खांद्यावर डोकं टाकून मुलगा त्याच्याकडे टकामका बघत होता. मग ड्रायव्हर म्हणाला, "हमको क्यों नहीं बोला? हम भी वही पी लेता."

हे आमच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. साहेब आला, हेडक्लार्क आला, चाळभर माणसं रात्ररात्र बोलली, आणि त्या ड्रायव्हरला जाऊन सरळ विचारावं असं एकालाही सुचलं नव्हतं. तो गोरा होता ना. त्याला काय विचारायचं?

त्यानं आपला पेला संपवला. मालकांपुढचाही उचलून संपवला. दोन्ही पेले खिशात टाकले आणि बाटली तिथंच सोडून निघून गेला. मालक त्याच्या मागे चाळीच्या टोकापर्यंत गेले. तो वळला नाही.

त्यानंतर आम्ही रोज वाट बघत होतो, आज हेडक्लार्क बोलावणं धाडेल, उद्या धाडेल. त्यानं एक शब्द सांगितला असता तर सगळ्यांची नावं कापली गेली असती, बटलरचंही. कुणीच आलं नाही. त्यानं कुणालाही सांगितलं नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मला वाटत होतं की त्यानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं. निदान फिट्टंफाट झाली असती.

मग एके सकाळी मेल फलाटावर होती, इन्स्टिट्यूटची काही मंडळी मुंबईला जायला उभी होती, आणि त्याचं इंजिन सांध्यापाशी आलं. मालकांनी वेळेवर वाट दिली होती, कसलाही खोळंबा नव्हता. तरी तो इंजिनातून बाहेर वाकला आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असा ओरडला. शिवी तीच होती, पहिल्या वेळची. ओरडून त्यानं मालकांकडे बघितलंच नाही. त्यानं फलाटाकडे बघितलं. तिथले दोघंतिघं हसले, एकानं हॅट उंच केली. इंजिन शेडकडे गेलं. मालकांनी सांधा परत जागेवर लावला.

त्या संध्याकाळी जाळीच्या दाराशी बटलर मला म्हणाला की आज त्या ड्रायव्हरला पत्त्यांच्या डावात घेतलं. तो मोठमोठ्यानं हसत होता म्हणे. मी अंडी मोजून न देताच घरी आले.

घरी आले तर आमच्या दारासमोर कट्ट्यावरची सगळी माणसं जमली होती. पुन्हा बसायचं म्हणत होते. त्या वेळी नमतं घेतलं म्हणून त्याची हिंमत वाढली, आता मुंबईच्या मोठ्या साहेबालाच त्याच्या डब्यातून खाली उतरायला लावू म्हणत होते. "तुमी नुस्तं व्हय म्हना, उद्या एक इंजिन हलनार न्हाई," असं मला बियर समजावणारा तोच फायरमन म्हणाला.

मालक मान खाली घालून बसले होते. "न्हाई," म्हणाले.

"का न्हाई? कुत्रं म्हनला तुमाला!"

"म्हनला तर म्हनला."

कुणीतरी मागून म्हणालं, "गोऱ्यासंगं बियर प्यालेत ना त्ये. आता कसं बोलत्याल?" दुसरा म्हणाला, "एका पेल्यात इकला ग्येला." ज्यांच्या कामासाठी हे घडलं होतं तीच ही माणसं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलाला खाली ठेवून मी तशीच बाहेर निघाले. यांनी घोटभरसुद्धा प्यायली नाही, गोऱ्याच्या हातावर तुरी दिल्या, हे सगळ्यांच्या तोंडावर सांगणार होते. आमच्यातलं आमच्यातच राहिलं असतं, म्हणून कामं जायची भीतीही मला आता वाटत नव्हती. आणि ऐकल्यावर याच लोकांनी मालकांना खांद्यावर घेऊन नाचवलं असतं, ही मला खात्री होती.

मालकांनी उंबऱ्यातच माझा हात धरला. इतका घट्ट की बांगडी पिचली.

"सांगू नगं," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"तुमाला इकलेला म्हनत्यात त्ये!"

"म्हनू दे. तू सांगितलं तर ही समदी त्या ड्रायवराला हसत्याल."

मी आत गेले आणि दार लोटून घेतलं. बाहेर थोडा वेळ आवाज होत राहिले, मग एकेक करून सगळे पांगले. मालक पुढं बरीच वर्षं त्या नोकरीत होते. मुलगा मोठा झाला, शिकला. पण शेडच्या कट्ट्यावर मालकांना पुन्हा कुणी बसायला बोलावलं नाही.